नकाशात नसलेलं देवधान

बेलाटोल्याच्या तळ्यावर दोरी घेऊन एक माणूस आलाय, हे रुख्माला कळलं ते नवऱ्याच्या तोंडून, आणि तेही तो होकार देऊन आल्यावर. पोळ्याला पाच दिवस उरले होते. चैतराम चावडीवरून आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "नागपूरचा एक मास्तर आला हाय. तरा पाहतो म्हंते. त्याले डोंगा पायजे होता, म्या आपला देतो म्हनलो."

रुख्मा फाटलं जाळं सांधत बसली होती. तिचा हात थांबला.

"तरा कायले पाहते थो?"

"झाडं पाहते. पान्यातली."

"पान्यातली झाडं पाहाले नागपूरहून कोन येते?"

समोरचा जे सांगेल ते चैतरामला पटत असे. बाजारात कोणी सडकी सुतळी चांगली म्हणून दिली तर तो ती चांगलीच समजून घरी आणी, आणि रुख्मा ती परत नेऊन देई. मासे धरणाऱ्या धिवरांच्या दहा-बारा घरांत सगळ्यांना हे ठाऊक होतं. गोष्ट सांगायची असेल तर चैतरामला सांगावी, आणि काही लपवायचं असेल तर रुख्मापासून लपवावं.

तिच्या संशयाला कारण होतं. तिचं माहेर गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी. ती नऊ वर्षांची असताना जंगलात साखळ्या आणि झेंड्या घेऊन सरकारी माणसं आली होती. तिचा बाप आठ दिवस त्यांच्याबरोबर हिंडला. कोणत्या उतारावर ऐनाची झाडं दाट आहेत, बांबू कुठं सुरू होतो, मोहाची झाडं कोणत्या पठारावर आहेत, सगळं त्यानं हौसेनं दाखवलं. माणसं लिहीत गेली. तिसऱ्या वर्षी त्याच उताराला खांब लागले. मोहफुलं वेचायला परवानगी लागायला लागली आणि सरपणाचा एक भारा आणताना बाप धरला गेला. पुढं मरेपर्यंत तो मधूनच, कोणी काही विचारलेलं नसताना, म्हणे, "म्याच दाखवलो."

म्हणून रुख्मानं जाळं बाजूला ठेवलं. "डोंगा मी हाकतो."

"बाईमानूस डोंगा हाकते तं लोक काय म्हनतीन?"

"म्हना, चैतरामच्या पायात काटा गेला."

दुसऱ्या दिवशी ती डोंगा, म्हणजे घरची लाकडी होडी, घेऊन तळ्याच्या बांधाशी, पारीपाशी, गेली तेव्हा मास्तर आधीच येऊन बसला होता. केशोराव त्याचं नाव. चाळिशीचा, किडकिडीत, चष्मा लावलेला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. कॉलेजात झाडांचा विषय शिकवतो, असं गावाचा जमीनदार, मालगुजार भैय्यालाल, यानं चावडीवर सांगितलं होतं. त्याचं सामान तिनं नीट न्याहाळलं. बांबूच्या कामट्यांची एक चौकोनी चौकट. दर दोन हातांवर लाल चिंधी बांधलेली लांब दोरी. खुणा केलेला एक बांबू. दोन फळ्यांमध्ये पट्ट्यानं आवळलेले कागद.

"नमस्कार बाई," तो म्हणाला. "तुम्हाला त्रास होईल चार दिवस."

धिवराच्या बायकोला 'तुम्ही' म्हणणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला. त्यानं तिचा संशय कमी झाला नाही. ज्याला काही न्यायचं असतं त्याच्याच जिभेवर साखर असते, असं तिला वाटलं.

काम असं चाले. दोरीचं एक टोक पारीच्या खुंट्याला बांधायचं आणि डोंगा तळ्यात सरळ आत न्यायचा. प्रत्येक लाल चिंधीपाशी मास्तर चौकट पाण्यावर टाकी, तिच्या आत कोणकोणती झाडं आहेत ती मोजी, बांबू बुडवून खोली बघी आणि मग तळाचा चिखल बोटांत घेऊन चोळी. मग वहीत लिही. पहिला दिवस रुख्मा एक शब्द बोलली नाही. तिनं फक्त चिंध्या मोजल्या. घरी जाऊन चैतरामला आकडा सांगितला.

"याचं काय करू?" चैतराम म्हणाला.

"ध्यानात ठेवा. पुढं कोनी तऱ्याचं माप सांगन तं आपल्यापाशी आपलं असावं."

दुसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. "मास्तर, हे लिवून काय होते जी?"

केशोरावाला कोणीतरी विचारल्याचा आनंद झाला. त्यानं चौकटीकडे बोट केलं. "हे बघा. एका जागी सगळ्या जाती थोड्या थोड्या असतात, पण कोणीतरी एक वरचढ असते. या चौकटीत पोयणीची पानं अकरा, कमळाचं एक, बाकी शेवाळ. म्हणजे हा पट्टा पोयणीचा. तिकडे काठाला लव्हाळा वरचढ, तो लव्हाळ्याचा पट्टा. आता लव्हाळा तिथंच का? तर पाणी गुडघाभर आणि खाली वाळू. वरचढ कोण, आणि त्याला जागा कशी लागते, या दोन गोष्टींवरून मी तळ्याचे भाग पाडतोय."

"भाग पाडून राहिले."

"हो."

"आन जे कमी हाय, त्याचं नाव?"

"ते खाली, यादीत. बारीक अक्षरात."

रुख्मानं बांबू चिखलात रोवून डोंगा पुढं ढकलला. भाग पाडतात ते वाटणी करायला, एवढं तिला कळत होतं. आणि गावाचंही असंच होतं. ज्याची भाताची बांधी जास्त त्याचं नाव वर, धिवरांचं नाव कुठंतरी बारीक अक्षरात.

पण त्याच दुपारी तिच्याकडून एक चूक झाली. नाला जिथं तळ्यात उतरतो तिथं कमळ दाट होतं. मास्तर खोली मोजून लिहायला लागला की कमळाला खोल पाणी लागतं. चुकीचं लिहिलेलं तिला सहन होईना.

"खोलीनं नाई जी," ती म्हणाली. "पाय घालून पाहा."

तो धोतरासकट उतरला आणि मांडीपर्यंत मऊ गाळात गेला. डोंग्याची कड धरून तो तसाच हसत उभा राहिला. "नाल्याचा गाळ," तो म्हणाला. "बरोबर. तिकडे तितकंच पाणी आहे, पण कमळ नाही, कारण तिकडे तळ कठीण आहे. बाई, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं." आणि त्यानं लिहिलेलं खोडून नवं लिहिलं.

रुख्मा घरी येईपर्यंत स्वतःवर चिडली होती. बापानं असंच दाखवलं असणार. कोणी मागितलं म्हणून नाही, कोणी चुकीचं लिहितंय म्हणून.

तळ्याच्या उगवतीला एक कोपरा होता. पळसांच्या रांगेआड तळं वळून आत शिरलेलं होतं आणि पारीवरून तिकडचं काही दिसत नसे. तिथं कमरेइतक्या पाण्यात देवधान वाढे. न पेरलेलं, न नांगरलेलं, लांब कुसांचं भात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून गावातल्या झाडून सगळ्या बायकांना त्या दिवशी देवधान लागे, आणि ते आणून देण्याचं काम धिवरांच्या बायकांचं. देवधान पिकलं की वाऱ्याच्या एका झुळकीनं पाण्यात गळून जातं. म्हणून श्रावणात बायका कोपऱ्यात उतरत आणि पाच-सात लोंब्या एकत्र करून गाठ मारून ठेवत. प्रत्येक घराची गाठ वेगळी. शेजारच्या अनुसयाबाईच्या घरची दुहेरी, रुख्माची पीळ देऊन मारलेली. गाठ ज्या घराची, धान त्या घराचं. यावरून तिथं कधी भांडण झालेलं नव्हतं. कोणत्या कागदावर हे लिहिलेलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मास्तरनं दोरी उगवतीकडे वळवली.

"तिकडं काई नाई," रुख्मा म्हणाली.

"काही नाही म्हणजे?"

"मोकळं पानी. खोल. झाडबिड नाई." आणि तो अजून तिकडेच बघतोय असं पाहून तिनं पुढं जोडलं, "मगर हाय."

केशोरावानं चष्मा पुसला. "मोठी?"

"मागच्या साली वासरू नेलं."

त्यानं दोरी गुंडाळली. परतताना पारीवर अनुसयाबाई आणि आणखी दोघी भेटल्या. लुगडी कमरेपर्यंत ओली, डोक्यावर पळसाच्या पानांनी झाकलेल्या टोपल्या.

"काय आणलंत?" मास्तरनं सहज विचारलं.

"बैलाले गवत," अनुसयाबाई म्हणाली. धिवरांच्या घरात बैल नव्हते. रुख्मानं मास्तरच्या तोंडाकडे बघितलं. तो सामान आवरत होता.

चौथ्या दिवशी तिच्या संशयाला जागा मिळाली. गोंदियाचा ईश्वरदास नावाचा व्यापारी भैय्यालालकडे उतरला होता. तळ्यात शिंगाडा लावायचा ठेका त्याला हवा होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. रुख्मा डोंगा घेऊन आली तेव्हा पारीवरच्या आंब्याखाली मास्तर आणि ईश्वरदास शेजारी शेजारी बसले होते. मास्तरच्या मांडीवर कागद पसरलेला होता आणि ईश्वरदासचं बोट त्या कागदावरून फिरत होतं. ती जवळ येताच ईश्वरदास उठून गेला.

त्या दिवशी ती चैतरामला म्हणाली, "दोघं एकच हायेत."

"च्या पिऊन राहिले असतीन."

"कागदावर च्या पेत नाईत."

तिनं घरोघर जाऊन बायकांना सांगितलं की मास्तर जाईपर्यंत कोपऱ्यात कोणी उतरायचं नाही. दोन दिवस कोणी उतरलं नाही. त्या दोन दिवसांत पिकलेलं निम्मं देवधान पाण्यात पडलं, आणि त्या वर्षी पंचमीला गावात कित्येक घरांना मूठभर दाण्यांवर भागवावं लागलं. अनुसयाबाई तिला त्यावरून बरंच बोलली.

जाताना केशोराव बैलांच्या रेंगीत बसण्याआधी तिच्यापाशी आला. "बाई, मी यावर छोटं पुस्तक लिहिणार आहे. तुमचं नाव घालायचंय. काय नाव तुमचं?"

नाव विचारलं की ती सावध होई. "अनुसया," ती म्हणाली.

त्यानं ते लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी ते पुस्तक डाकेनं भैय्यालालकडे आलं. त्यानं ते दोन दिवस बैठकीत ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना तळ्याचा रंगीत नकाशा दाखवला आणि मग पेटीत टाकलं. काही झालं नाही. ईश्वरदासनं ठेका घेतला, पारीच्या बाजूला शिंगाडा लावला. दरसाल त्याचा शिंगाडा थोडा थोडा पसरत गेला. मास्तर येऊन गेल्याला सात वर्षं झाली. रुख्माचा मुलगा सुकराम याचं लग्न झालं, शामकला नावाची सून घरी आली आणि तिनं गाठ मारायचं काम सासूपेक्षा चपळाईनं शिकून घेतलं.

एकोणीसशे एक्केचाळीस सालच्या श्रावणात ती शामकलाच एक दिवस ओलीचिंब घरी आली. "आत्या, देवधान कापून राहिले."

रुख्मा गेली तेव्हा ईश्वरदासचे दहा-बारा मजूर विळे घेऊन कोपऱ्यात उतरलेले होते. तिसरा हिस्सा कापून झाला होता. कापलेली ताटं पाण्यावर तरंगत होती आणि त्यांच्यावर गाठी तशाच होत्या. रुख्मा पाण्यात उतरून विळ्यांपुढं उभी राहिली. एकेक करून बाकीच्या बायका उतरल्या. मजूर बाहेरगावचे होते. बायकांवर विळा चालवायची त्यांची तयारी नव्हती. ते काठावर जाऊन बसले.

भैय्यालालनं तिला बोलावून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, पण एकदा ठेका दिला की तो दिला.

"का वो रुख्मा, काम काऊन बंद केलं?"

"देवधान हाय मालक तेथी."

"कोनत्या कागदात हाय? गावाच्या निस्ताराच्या कागदात धिवरायले मासे हायेत, गुरायले पानी हाय. देवधान कोठी हाय?" मग त्यानं पेटीतून ते पुस्तक काढलं. "आन हा पाहा नक्शा. कालेजच्या मास्तरनं काढला हाय. कमळाचा पट्टा हाय, पोयनीचा हाय, लव्हाळ्याचा हाय. उगवतीच्या कोपऱ्यात काय हाय? कोरं. ईश्वरदासले म्या कोरी जागा दिली."

रुख्माला वाचता येत नव्हतं, पण रंग दिसत होते. सगळं तळं हिरव्या-पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांनी भरलेलं, आणि कोपरा पांढरा. तिनं काही न दाखवून सुद्धा बापासारखंच झालं होतं.

शाळेच्या गुरुजींनी तहसिलीत अर्ज लिहून दिला. रुख्मानं तो तीनदा वाचून घेतला आणि मगच अंगठा उठवला. गुरुजींनी स्वतःहून आणखी एक पत्र केशोरावाला कॉलेजच्या पत्त्यावर टाकलं. हे त्यांनी तिला सांगितलं नाही, कारण तिनं नको म्हटलं असतं.

आठ दिवसांनी तहसिलीचा एक साहेब चौकशीला आला. पारीवर खुर्ची मांडली गेली. एका बाजूला भैय्यालाल आणि ईश्वरदास, दुसऱ्या बाजूला धिवर. साहेबानं पुस्तक उलटून पालटून पाहिलं.

"यात तर लिहिलंय, अनुसया नावाच्या बाईनं डोंगा चालवला आणि माहिती दिली. अनुसया कोण?"

अनुसयाबाई दचकली. "म्या नाई जी. म्या कोनाले काई सांगतलं नाई."

"डोंगा म्या हाकलो होतो," रुख्मा पुढं येऊन म्हणाली. "नाव खोटं सांगतलं."

"का?"

"मानूस अनोळखी होता."

लोक हसले. साहेब हसला नाही. "आणि कोपऱ्यात काही नाही, असं कोणी सांगितलं?"

"मीच."

"तेही खोटं?"

"होय जी."

"तेव्हा दोनदा खोटं बोललीस. मग आज खरं बोलतेस कशावरून?"

रुख्मानं आयुष्यभर लोकांना विचारलेला प्रश्न पहिल्यांदा तिला कोणीतरी विचारला होता. तिला राग आला नाही. साहेबाच्या जागी ती असती तर तिनंही तेच विचारलं असतं.

"माह्यावर भरोसा नोका ठेवू," ती म्हणाली. "डोंग्यात बसा आन पाहा."

ईश्वरदास मध्ये पडला. "साहब, वहाँ मगर है. इसी बाई ने मास्टर को बताया था, मास्टर ने मुझे."

"मगर बी खोटी," रुख्मा म्हणाली.

साहेब बूट काढायला लागला.

डोंगा रुख्मानंच नेला. पळसांची रांग ओलांडून कोपऱ्यात शिरल्यावर साहेबानं इकडंतिकडं पाहिलं. लोंब्या अजून हिरव्या होत्या, दाणा भरला नव्हता. "हे तर गवत आहे," तो म्हणाला.

रुख्मानं डोंगा अजून आत घातला, इतका की पाती त्याच्या गुडघ्यांना लागायला लागली. "हात लावा जी."

साहेबानं हात लावला. त्याच्या बोटांत गाठ आली. शेजारी दुसरी आली. मग त्याला सगळीकडे गाठीच दिसायला लागल्या, शेकड्यांनी, पार काठापर्यंत.

"कोणी मारल्या या?"

रुख्मानं काठावर उभ्या असलेल्या बायकांना हाक मारली. एकेक पाण्यात उतरली आणि आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. अनुसयाबाई दुहेरी गाठींत, शामकला पिळाच्या गाठींत. कोणी कोणाच्या जागेत गेली नाही. दोघी मात्र तशाच काठाजवळ उभ्या राहिल्या.

"त्या का थांबल्या?"

"त्याइची जागा कापून गेली जी."

परतताना साहेबानं एवढंच विचारलं की हे किती वर्षांपासून चालतं. रुख्मा म्हणाली की तिच्या सासूची सासू पिळाची गाठ मारत असे, त्याच्या आधीचं तिला माहीत नाही. पारीवर आल्यावर साहेबानं हुकूम दिला की पंचमीपर्यंत कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही, आणि ज्यानं नकाशा काढला त्याचा जबाब घेतल्याशिवाय पुढचा निकाल होणार नाही.

पंचमीच्या तीन दिवस आधी केशोराव अर्जुनी स्टेशनात गाडीतून उतरला आणि रेंगीतून बेलाटोल्यात आला. केस पांढरे झाले होते. चौकट आणि दोरी त्याच्याबरोबर होतीच. रुख्मा त्याला बघून घरात गेली आणि चैतरामला म्हणाली, "कोनाच्या बाजूनं आला, पाहा जरा."

"तुह्या बाजूनं आला असन."

"तुमाले सगळेच आपल्या बाजूनं दिसतात."

तरी डोंगा तिनंच हाकला. देवधान पिकायला आलं होतं, कुसांवर लाली चढली होती. मास्तरनं चौकट टाकली, मोजलं, बांबू बुडवला. मग वही मिटून म्हणाला, "मगर कुठं आहे?"

रुख्मा डोंग्यातलं पाणी उपसायला लागली.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "जिथं मगर आहे तिथं बायका कमरेइतक्या पाण्यात उतरत नाहीत. आणि ज्यांच्याकडे बैल नाही त्या बैलाला गवत नेत नाहीत. म्हटलं, बाई लपवतेय तर काही कारण असेल. म्हणून कोपरा कोरा ठेवला. मोकळं पाणी असं लिहिलं नाही. नकाशाखाली छापलंय, कोरा भाग पाहिलेला नाही. पण ती ओळ कोण वाचतो?"

"बारीक अक्षरात असन."

"हो, बारीकच आहे."

तिनं बांबू चिखलात रोवला आणि डोंगा थांबवला. सात वर्षं तिच्या मनात असलेलं तिनं आत्ता विचारलं. "त्या दिवशी आंब्याखाली तुमी ईश्वरदाससंग काय बोलून राहिले होते?"

आठवल्यावर केशोरावाचा चेहरा बदलला.

"त्यानं विचारलं, शिंगाड्याला पाणी किती लागतं, तळ कसा लागतो. मी सांगितलं. छातीच्या आत पाणी, खाली मऊ गाळ. तळ्यात अशी जागा कुठं कुठं आहे तेही बोट ठेवून दाखवलं. मला त्यात गैर वाटलं नाही."

"गैर नाई," रुख्मा म्हणाली. "पन तुमी दाखवलं."

"हो. मी दाखवलं."

तिला वाटलं होतं, आपला संशय खरा निघाला तर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. समोरचा माणूस ओल्या धोतरात डोंग्याच्या टोकाला बसला होता आणि आपल्या हातांकडे बघत होता. असा बसलेला माणूस तिनं आधी पाहिला होता, माहेरच्या ओट्यावर. ती डोंगा वळवता वळवता म्हणाली, "कमी तं म्याबी नाई केलं. कोरं म्याच ठेवाले लावलं."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. गाठी कधी मारतात, कुठल्या बाजूला दाणा आधी भरतो, काठापाशी गाळ कमी म्हणून लोंबी लहान का. त्यानं तासभर लिहिलं. गाठींचा प्रकार त्याला नवा होता. त्याच्या विद्येत पट्टा झाडाच्या नावानं ओळखला जाई, इथं तो घरांच्या गाठींनी वाटलेला होता, आणि हे कुठं लिहायचं हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं वेगळं पान केलं. त्यानं जबाब लिहून दिला तेव्हा रुख्मा म्हणाली, "गुरुजी वाचतीन. मंग सही करा." केशोरावानं कागद गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी सगळ्या धिवरांसमोर तो मोठ्यानं वाचला. एका जागी रुख्मानं थांबवलं. त्यानं 'धिवर लोक' लिहिलं होतं. "धिवर बाया लिवा," ती म्हणाली. त्यानं लिहिलं.

निकाल थंडीत आला. उगवतीच्या कोपऱ्यातलं देवधान श्रावणापासून ऋषिपंचमीपर्यंत धिवर बायांचं, अशी ओळ गावाच्या निस्ताराच्या, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या, कागदात चढली. कापलेला तिसरा हिस्सा मात्र ठेकेदाराकडेच राहिला. तिथं शिंगाडा लागला, आणि पुढं ठेका संपल्यावरही त्या जागी देवधान नीट उगवलं नाही. ज्या दोघींची जागा गेली त्यांना रुख्मानं आपल्या जागेतून वाटा दिला. त्यातली एक तिच्याशी बोलायची थांबली ती थांबलीच. सात वर्षांपूर्वी खरं बोलली असतीस तर माझी जागा वाचली असती, असं ती म्हणे.

चैतराम पंचेचाळीस साली गेला. त्याच वर्षी मास्तरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली आणि गुरुजींनी तिला त्यात 'देवधानाचा पट्टा' आणि 'रुख्मा' ही दोन नावं दाखवली. तिनं विचारलं, अशी पुस्तकं किती निघाली आणि ती कोणाकोणापाशी आहेत. गुरुजींना माहीत नव्हतं. तेव्हापासून श्रावण लागला की ती रोज सकाळी पळसांच्या रांगेपाशी जाऊन बसायला लागली. डोंगा शामकला हाकी.

सत्तेचाळीसच्या भाद्रपदात, पंचमीच्या आदल्या दिवशी, एक माणूस पारीवरून चालत आला आणि तळ्याकडे बघत उभा राहिला. पाण्यात बायका लोंब्या सोडवून टोपलीत झटकत होत्या. त्यानं प्रतापगडाच्या दर्ग्याचा रस्ता विचारला. रुख्मानं आधी त्याचं गाव विचारलं, मग बापाचं नाव, मग कशानं आला, एकटाच का आला आणि नवस कशाचा. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. मग तिनं त्याला रस्ता सांगितला, आणि बरोबर सांगितला.